परतीचं खापर

रजईला खोळ घालायचं काम अर्ध्यावर आलं होतं. दोन कोपरे आत नीट बसले होते, तिसरा हातात होता, आणि पार्सलताई स्वतःच खांद्यापर्यंत खोळीत शिरली होती. खरं तर हे काम दोघींचं. एकीनं खोळ धरायची, दुसरीनं आत शिरायचं. पण घरात दुसरी कुणी नव्हती, आणि नवऱ्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता. पलीकडच्या भिंतीला लागूनच त्याची पिठाची गिरणी होती, आणि गिरणी चालू असताना साक्षात देवानं हाक मारली असती तरी त्याला ती ऐकू आली नसती.

तिला मात्र बाहेरची हाक ऐकू आली. "ताई! ओ ताई! जरा बाहेर येता का?"

आवाज पार्सलवाल्याचा होता, पण नेहमीसारखा नव्हता. एरवी तो उतारावरूनच हॉर्न वाजवत यायचा आणि "जावई आला, पाणी आणा!" म्हणून ओरडायचा. मिशा पिकल्या तरी त्याची ही जावईगिरी सुटली नव्हती. आज हॉर्न नव्हता, जावई नव्हता, आणि गाडीच्या मागच्या पेटीतून त्यानं काही काढलंही नव्हतं.

ताई खोळीतून बाहेर आली. केस विस्कटलेले, नाकावर कापसाचा एक धागा.

"काय झालं? आज हात हलवत?"

"तुमच्या नावाचं एकही पार्सल आलं नाही ताई. मागवलेलं होतं ते सगळं रद्द झालंय. वरून सांगितलं, खातं बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. परत पाठवायचं प्रमाण फार झालं म्हणे."

ताईला क्षणभर हसूच आलं. कुणी येऊन सांगावं की तुमच्या गिरणीला पंख फुटले आणि ती उडून गेली, तसं ते वाटलं. तिच्या नावावरून परत? गावातल्या बायका तिची टिंगल करायच्या ती नेमकी ह्याच गोष्टीवरून, की ही बाई जन्मात काही परत पाठवू देत नाही.

तिला पार्सलताई का म्हणत, ते सांगायला हवं. पूर्वी गावात पार्सलं घरोघर येत. लोकांना वाटायचं, मागवायला काय लागतं, येऊ तर दे, बघू. पैसे वस्तू हातात आल्यावरच द्यायचे, त्यामुळे सगळेच शूर. शहरात एक माणूस मागवतो, तोच दार उघडतो, घेतो आणि दार लावतो. गावात एक जण मागवायचा आणि वीस जण नापसंत करायचे. दारात खोका फोडला की आजूबाजूची सगळी घरं गोळा. "फोटोत रंग वेगळा होता." "कापड हाताला पातळ लागतंय." "आमचे हे नको म्हणतात." एका आजोबांनी तर शपथेवर सांगितलं होतं, की मी मागवलंच नाही, फोन खिशात होता, त्यानंच मागवलं. बिचारा पार्सलवाला उतार उतरून यायचा आणि भरलेली पेटी घेऊन चढून जायचा. शेवटी कंपनीनं हात टेकले. फोनवर गावाचा पत्ता घातला की लिहून यायचं, या ठिकाणी सेवा नाही.

तेव्हा ताई पुढे झाली. पार्सलवाल्याला गाठून तिनं सांगितलं, "तुमच्या साहेबांना म्हणावं, सगळं माझ्या नावावर येऊ दे, गिरणीच्या पत्त्यावर. एकही वस्तू परत जाणार नाही. माझा शब्द." साहेबानं कसं ऐकलं देव जाणे, पण ऐकलं. आणि तिथून गिरणी हे गावाचं दुकान झालं. बायका दळण घेऊन यायच्या, डबा रांगेत लावायच्या, आणि पीठ होईपर्यंत ताईच्या फोनवर डोकी घालून बसायच्या. एकीला चादर हवी असली तरी सगळ्या मिळून ती निवडायच्या. कुणाला काय हवंय हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. लपवून मागवावं असं कुणाला वाटलं तरी सोय नव्हती.

नियम एकच होता. मागवलं की घ्यायचं. नाहीच बसलं, नाहीच आवडलं, तर गिरणीबाहेरच्या लाकडी बाकावर ठेवून द्यायचं. ज्याच्या अंगाला येईल त्यानं न्यावं आणि आपसात बघून घ्यावं. बहुतेक वस्तू बाकावरून उचलल्या जायच्या. एक भलामोठा रेनकोट तेवढा कुणालाच येईना. तो शेवटी गिरणीच्या मोटारीवर घातला, आणि आता पावसाळ्यात गावातली सगळ्यात सुखी मोटार तीच आहे, असं शिंपीण म्हणायची.

ही शिंपीण म्हणजे ताईची शेजारीण. जीभ कात्रीपेक्षा धारदार, पण मन साफ. दुसऱ्या म्हणजे गावच्या शाळेतल्या शिपाईबाई. वयानं मोठ्या, म्हणून सगळ्या त्यांना मावशी म्हणत. दिवसभर उभ्यानं काम, म्हणून त्यांनी हौसेनं मऊ तळाचे जोडे मागवले, आणि ते निघाले एक नंबर लहान. बाकावर ठेवले तर गावात दुसरं कुणी त्या मापाचं निघेना.

"परत देता येतात ना गं?" मावशींनी तेव्हा विचारलं होतं. "आमच्या शाळेतल्या बाईंची भाची शहरात रोज देते म्हणे."

"मावशी, शब्द दिलाय. एकदा परत गेलं की आपण पुन्हा पहिल्यासारखे. पावडर टाकून घाला, सैल होतील."

मावशींनी घातले. सैल काही झाले नाहीत. मग त्या टाच दुमडून, चपलेसारखे ओढत चालायला लागल्या, पण पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. ताईचा शब्द म्हणजे गावाचा शब्द, एवढं त्यांना कळत होतं.

आणि आज तो पार्सलवाला म्हणत होता, परत पाठवायचं प्रमाण फार झालं.

"कंपनीला फोन लावा," ताई म्हणाली. "तुमच्या फोनवरून लावा. काहीतरी घोटाळा असणार."

गिरणीच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून दोघं अंगणाच्या टोकाला गेली. दळणाला आलेल्या बायका मागोमाग गेल्या. फोन कानाला लावून एकटीनं ऐकायची पद्धत गावात नव्हतीच, त्यामुळे पार्सलवाल्यानं न सांगताच स्पीकर चालू केला. बराच वेळ वाजंत्री वाजली, मग एक गोड आवाज आला. ताईनं नाव सांगितलं, नंबर सांगितला.

"हो मॅडम, तुमच्या खात्यावरून वापरलेल्या वस्तू परत येतायत. पार्टीचा गाऊन घालून परत आलेला आहे. उंच टाचांच्या सँडलच्या तळाला माती होती. पोहण्याचा पोशाख दोनदा परत आलाय, मॅडम, दुसऱ्यांदा ओला."

मग शिंपीण पुढे वाकून फोनकडे बघत म्हणाली, "ताई, कुठल्या विहिरीत पोहतेस गं? आम्हालाही सांग."

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. पण ताई हसली नाही. पोहण्याचा पोशाख हे शब्द कानावर पडले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. कारण पोहायला कोण जातं, हे तिला माहीत होतं. तिच्याशी फोनवर बोलताना धाकट्या जावेनंच कौतुकानं सांगितलं होतं, की ताई, मी क्लास लावलाय, आता पाण्यात तोंड घालायला भीती वाटत नाही.

"हे सामान कुठून परत आलं?" पार्सलवाल्यानं विचारलं.

"तो पत्ता फोनवर सांगता येणार नाही सर. खातं मात्र कायमचं बंद झालंय. आणखी काही मदत हवीय का?"

नको होती. फोन ठेवल्यावर शिंपिणीच्या आवाजातली मस्करी गेली होती.

"म्हणजे तुझ्या नावावर कुणीतरी परत देतं. आणि तुला माहीत नाही?"

ताईनं नाकावरचा कापसाचा धागा काढला.

"बोल ना. कोण आहे? कुणाला दिलंस नाव?"

नाव जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण ते घरातलं नाव होतं. दिराची बायको. जिला हिनंच लेकीसारखं वागवलं होतं. ताईनं मान खाली घातली, आणि तिथंच चुकलं. कारण गप्प बसलेल्या माणसाबद्दल लोक आपापलं काय ते बोलून मोकळे होतात.

"आम्हाला एक न्याय आणि कुणाला तरी दुसरा," कुणीतरी मागून म्हणालं. "आम्ही रेनकोट मोटारीला घालायचा, आणि कुणीतरी गाऊन घालून मिरवायचं."

मावशींनी फक्त आपल्या पायांकडे बघितलं, आणि ते शिंपिणीच्या जिभेपेक्षा जास्त लागलं.

ताई घरात आली आणि दार लोटून पलंगावर बसली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हाची तिला आठवत होती. गिरणी सुरू झाली की ती दचकायची. भूकंप झाल्यासारखी भिंतीला धरून उभी राहायची. ताईनं कितीतरी दिवस तिला आपल्याजवळ झोपवलं, तिचा हात भिंतीवर ठेवून सांगितलं, बघ, ही थरथर म्हणजे आपलं घर जागं आहे, एवढंच. पुढे दिराला शहरात नोकरी लागली आणि दोघं गेली. पण सुट्टीत आली की धाकटी ताईच्या मागे-मागे असायची. फोनवरून वस्तू मागवायला तिनंच शिकवलं. बाहेरच्या त्याच बाकावर बसून, ताईचं बोट आपल्या हातात धरून. "बटण दाबताना तुम्ही श्वास का धरता, ताई? बॉम्ब आहे का तो?" असं म्हणून दोघी पोट धरून हसल्या होत्या.

एकदा ताई शहरात तिच्याकडे राहूनही आली होती. तिथे दिवसभर बेल वाजायची. खोके यायचे, खोके जायचे, आणि आत काय आहे ते समोरच्या दारातल्या माणसालाही माहीत नसायचं. एका संध्याकाळी धाकटीनं नवा झगा घातला, आरशासमोर फोटो काढले, समारंभाला जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी तोच झगा घडी करून पुन्हा खोक्यात भरला. किमतीची चिठ्ठीसुद्धा तिनं आत खोचून ठेवली होती, तोडली नव्हती.

"का गं, बसला नाही?"

"बसला की. पण काम झालं ना त्याचं."

ताईला ती थट्टा वाटली. शहरातली थट्टा आपल्याला उशिरा कळते, असं तिला वाटायचं. त्याच मुक्कामात ती सहज बोलून गेली होती, की आमचा पार्सलवाला म्हणतो, ताई तुमचं खातं म्हणजे सोनं, तुम्ही कधी परत दिलंच तर कुणी खोका उघडूनही बघणार नाही. "सोनं आहे म्हणून काय रोज मोडायचं?" असं तिनं त्याला ऐकवलं होतं. धाकटी तेव्हा हसली नाही, हे आज आठवलं.

मग काही दिवसांनी तिचा फोन आला होता. ताई, तुमच्या फोनवर काही आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा. म्हणजे तुमचं पार्सल कुठवर आलंय ते मला इथून बघता येईल, तुम्हाला वाट बघत बसायला नको. ताईनं आकडे वाचून दाखवले. एकेक, ठासून, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे. "शाबास ताई!" असं धाकटी म्हणाली होती. त्यानंतर फोनवर येणारे कंपनीचे संदेश वाढले, पण ते सगळे जाहिरातींचे असतात, असं धाकटीनंच सांगून ठेवलं होतं. ताई ते रोज झाडून टाकायची, अंगणातला पाला झाडावा तसे.

तिनं धाकटीला फोन लावला.

"हॅलो ताई! अहो किती दिवसांनी! जेवतेय, ऑफिसात आहे. बोला ना."

"पोहण्याचा क्लास कसा चाललाय?"

पलीकडून चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"ताई..."

"खातं बंद झालं गं. सगळ्या गावाचं."

"अय्या. इतकं कडक करतील असं वाटलं नव्हतं." ती घाईघाईनं बोलू लागली. "ऐका ना ताई, इथे सगळे असंच करतात. चार मागवायचे, एक ठेवायचा. वेळच नसतो दुकानात जायला. माझं खातं त्यांनी बंद केलं, म्हणून तुमचं वापरलं. तुमचं किती छान होतं, कुणी काही विचारतच नव्हतं."

"कुणी विचारत नव्हतं, कारण इथे कुणी परत देत नव्हतं."

"तेच तर!" धाकटी म्हणाली, जणू दोघींचं एकमत झालं होतं.

"आमच्या शिपाईबाईंनी लहान जोडे घातले गं. अख्खं वर्ष टाच दुमडून चालल्या. मी सांगितलं म्हणून."

"कोण शिपाईबाई?"

कोण शिपाईबाई! जिच्या हातचं पाणी पिऊन धाकटीनं पहिल्या उन्हाळ्यात भोवळ आवरली होती, ती.

"मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग!" धाकटी म्हणाली. पुन्हा तोच सूर, हिशेब बरोबर आल्यासारखा. "ताई, दुसऱ्या नंबरावर नवीन खातं उघडा ना. दोन मिनिटांचं काम. मी उघडून देते हवं तर."

"नवीन खातं नको. एक कर. मी फोन बाहेर नेते. बायकांसमोर एवढंच सांग, की मी होते, ताई नव्हत्या."

"वेड लागलंय का, ताई? उद्या यांच्या कानावर गेलं तर? सासरी माझी काय किंमत राहील? तुम्ही मोठ्या आहात. सांभाळून घ्या ना. नेहमी घेता तसं." आणि मग, कुणीतरी बोलावल्यासारखं, "मला मीटिंग आहे. संध्याकाळी बोलू हं."

ताई देवासमोर जाऊन बसली. मागायचं काय, हेच सुचेना. धाकटीला अद्दल घडव, असं म्हणवेना. धाकटीचं भलं कर, असंही म्हणवेना. आजवर रोज तिच्या नावानं हात जोडले होते, आणि आज ते नाव घ्यायला जीभ उचलेना. शेवटी ती नुसतीच हात जोडून बसली आणि तशीच उठली. निदान घरातल्या माणसाला तरी सांगावं म्हणून गिरणीत गेली.

गिरणी भरात होती. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, दाराबाहेर बाकावर शिंपीण, मावशी आणि बाकीच्या जणी डबे सांभाळत बसल्या होत्या. ताई आल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. नवरा पिठानं पांढरा होऊन चाळणीशी उभा होता. इतकी वर्षं गिरणीत काढल्यामुळे त्याला हळू बोलता येतच नसे. घरात मीठ मागितलं तरी रस्त्यावरचा माणूस थबकायचा. ताईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, धाकटीच्या नावासकट. बाहेर काही ऐकू जाणार नाही, याची तिला खात्री होती.

"काय? धाकटीनं?" तो गरजला. पट्ट्याच्या आवाजात ते विरून गेलं.

ताईनं मान डोलावली. तिला वाटलं, आता हा चिडेल. भावाला फोन लावेल. इतक्या वर्षांत तिच्या बाजूनं एकदा तरी आवाज चढवेल. आवाज तर त्याच्याकडे मुबलक होता.

"मग गप्प बस!" तो तिच्या कानात ओरडला. "खापर तुझ्यावर फुटलंय ना? फुटू दे! बायका दोन दिवस बोलतील, विसरतील! धाकटीचं नाव बाहेर गेलं तर भाऊ तुटेल माझा!"

"आणि माझं नाव?"

त्यानं काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी लाइट गेली. मोटार घुर्रघुर्र करून थांबली, पट्टा लटपटला आणि स्थिर झाला. पण बोलायला निघालेला माणूस थांबला नाही. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून शब्द गिरणीच्याच जोरानं बाहेर पडले:

"धाकटीनं परत दिलं म्हणून माझी मान खाली जाईल! तुझी गेली तर काय बिघडतंय!"

शांततेत प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. भिंतीवरून पीठ खाली बसत होतं. दाराबाहेर कुणाच्या तरी हातातलं डब्याचं झाकण निसटलं आणि गोल-गोल फिरत राहिलं.

नवऱ्यानं दाराकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी हळू म्हणाला, "लाइट गेली वाटतं."

त्यावर एखाद्या दिवशी सगळ्या हसून लोळल्या असत्या. आज कुणी हसलं नाही. ताई त्याच्या समोरून निघून बाहेर आली. बाकावर बसायला जागा होती, पण तिला बसवेना.

"धाकटी होय," शिंपीण म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "धाकटी. सासरी आल्यावर मीच तिचे पहिले कपडे शिवले होते. दोन वेळा उसवून घेतलेले, तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"आकडे मीच वाचून दाखवले," ताई म्हणाली. "पार्सल कुठवर आलं ते बघते म्हणाली."

"मला आता कशाचाच राग येत नाही तुझा," शिंपीण म्हणाली, पण आवाजात राग होता. "खोटं तू बोलली नाहीस, ते कळलं. पण एक सांगते. तुझं खातं सोनं होतं ना? ते सोनं तू एकटीनं नव्हतं घडवलं. मावशींच्या पायांनी घडवलं होतं. माझ्या त्या आखूड पडद्यांनी, हिच्या फुटक्या टोपलीनं. आणि ते तू घरातल्या माणसाला देऊन टाकलंस, आम्हाला न विचारता. विचारलं असतंस तर आम्ही नाहीच म्हणालो असतो."

हे वाक्य ताईनं आज एकदा ऐकलं होतं, उलट्या बाजूनं.

मग मावशी डब्याला धरून उठल्या. "बस झालं आता. पार्सलवाल्याशी मी बोलते. साहेबाला म्हणावं, गाव तेच आहे, नियम तोच आहे. खातं आता माझ्या नावावर काढा. मला घर ना दार, दीर ना जाऊ. कुणाला देऊन टाकायची भीती नाही."

"हो, मावशींच्याच नावावर," बाकीच्या म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, की ते आधीच ठरलं होतं हे ताईला कळलं. ती घरात फोनवर होती तेव्हाच ठरलं असणार.

"पण मावशींना फोन कुठे चालवता येतो?" कुणीतरी विचारलं.

"ताई शिकवेल की," शिंपीण म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "शिकवशील ना?"

"शिकवीन," ताई म्हणाली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ताईनं तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. मग नवऱ्याचा फोन वाजला, तो त्यानं घेतला, आणि बाहेर अंगणात जाऊन जमेल तितक्या हळू बोलत राहिला. त्याचं हळू अजून कच्चं होतं. "नाही नाही, ती काही बोलली नाही," एवढं स्वयंपाकघरात ऐकू आलं. ती काही बोलली नव्हती, हे खरंच होतं. आत येऊन त्यानं विचारलं, "रागावलीस?" तिनं त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः वेगळी बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात दोन माणसं वेगवेगळी जेवली.

सकाळी लाइट होती. गिरणी सुरू झाली, भिंत थरथरू लागली. मावशी शाळेतून सुट्टी काढून दारात येऊन उभ्या होत्या. शिंपिणीनं आपला जुना फोन त्यांना देऊन टाकला होता, पण त्यात सिम नव्हतं. ताईनं चुलीपुढचं आवरलं, दाराला कडी घातली, आणि नवऱ्याला काही न सांगता बाहेर पडली. तिला मावशींना घेऊन मोठ्या गावी मोबाइलच्या दुकानात जायचं होतं, त्यांच्या नावाचं सिमकार्ड घ्यायला.